न आलेल्या उत्तराची चोरी

माझ्यावर चोरीचा आळ आला तो चाकण रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात, भर दुपारी, चाळीसेक माणसांच्या देखत. स्टेजवर आदल्या दिवशीच्या लग्नाच्या झेंडूच्या माळा अजून लोंबत होत्या आणि बसायला मला नवरीची खुर्ची दिली होती. आरोपीला इतकी मऊ गादी क्वचितच मिळत असेल.

लोक सांगतात, झालं गेलं सोडून दे. मी सोडलेलं नाही, आणि हे लिहितेय तेही मन हलकं करायला नव्हे. ज्या धंद्यात हे घडलं तो धंदाच कुणाला कळत नाही. त्याच आडोशाला चोर उजळ माथ्यानं फिरला आणि मी खाली मान घालून. म्हणून आधी धंदा सांगते.

क्रिप्टोकरन्सी म्हणजे कुठल्याही सरकारनं न छापलेलं, नुसतं संगणकांच्या जाळ्यावर असणारं नाणं. नवी नाणी निघतात ती अशी: जाळ्यावर सतत एक गणित मांडलेलं असतं. ते डोकं चालवून सुटत नाही. एक आकडा घालायचा, जुळतो का बघायचं, नाही जुळला तर पुढचा. सेकंदाला अब्जावधी वेळा एवढंच करणारी खास मशीनं मिळतात. बुटाच्या खोक्याहून थोडी मोठी, दोन्ही अंगांना पंखे, आणि आवाज असा की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. याला मायनिंग म्हणतात. ज्याचा आकडा जुळला त्याला ब्लॉक सापडला, म्हणजे नवी नाणी त्याची. बाकीच्यांना विजेचं बिल.

एखाद्याकडे दोन मशीनं असतील तर त्याला एकट्याला ब्लॉक सापडायला जन्म जाईल. म्हणून माणसं एकत्र येतात. सगळ्यांची मशीनं एका सर्व्हरला जोडायची. सर्व्हर प्रत्येकाला गणिताचा वेगळा तुकडा वाटून देतो. कुणाच्याही मशीनला ब्लॉक सापडला तरी मिळकत सगळ्यांची, ज्याचं जेवढं काम त्या प्रमाणात. या व्यवस्थेला पूल म्हणतात. मी तो चालवायचे. वाटणी करायची, थोडी फी कापून घ्यायची, आणि कुणाचं मशीन बंद पडलं तर त्याच्या आधी मला कळलं पाहिजे.

कुणी किती काम केलं ते कसं समजतं, हा प्रश्न हुशार माणसं लगेच विचारतात. मशीन एवढे आकडे तपासत असताना अधूनमधून एखादा आकडा जुळत नाही पण अगदी जवळ जातो. असे जवळचे आकडे मशीन सर्व्हरला पाठवत राहतं. त्यांची नाणी होत नाहीत. मशीन खरोखर राबतंय, एवढाच तो पुरावा. वाटणी त्या पुराव्यावर होते. सगळा धंदा या विश्वासावर उभा की जो जवळचे आकडे पाठवतोय, तो खरं उत्तर सापडल्यावर तेही पाठवेल.

मी पिंपरीतल्या कामगार वसाहतीत वाढले. वडील कंपनीत फिटर, आई दुसऱ्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये. डिप्लोमा झाल्यावर चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात सर्व्हर सांभाळायला लागले आणि बरीच वर्षं तेच केलं. पूल चालवणं म्हणजे वेगळं काही नव्हतं, सर्व्हर पडू द्यायचा नाही. फरक इतकाच की हा माझा होता. नाणंही बिटकॉइन नव्हे, त्याच्या धाकट्या भावंडांपैकी एक. छोट्या पूललाही ज्यात जागा असते असं.

ताथवड्यात कॉलेजच्या रस्त्याला, एका झेरॉक्सच्या दुकानावर खोली घेतली. दाराला पाटी लावली, ‘मायनिंग पूल’. पहिल्याच महिन्यात एक गृहस्थ मुलीला घेऊन आले आणि पोहण्याची उन्हाळी बॅच कधी सुरू होते असं विचारू लागले. कर वसुलीला आलेल्या माणसानं विचारलं, “मॅडम, पूल नक्की कुठल्या ओढ्यावर?” पाटी बदलून ‘कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ केली तर लोक बिघडलेले प्रिंटर घेऊन वर चढायला लागले. ज्यांना खरंच पूल हवा असायचा त्यांची निराशा निराळी. त्यांना लुकलुकणाऱ्या दिव्यांचा मोठा हॉल बघायचा असायचा. माझे सर्व्हर भाड्याचे, दुसऱ्या शहरातले. खोलीत दोन स्क्रीन, एक टेबलफॅन आणि मी.

सभासद मात्र जमले, आणि एकेक नमुना जमला. दिगंबरकाका पिंपळे सौदागरच्या एका मोठ्या सोसायटीत राहायचे, कंपनीतून निवृत्त. त्यांनी दोन मशीनं ड्राय बाल्कनीत ठेवली. खालच्या मजल्यावरून तक्रार गेली की काका घरात पिठाची गिरणी चालवतात. कमिटी चौकशीला आली. काकांनी शांतपणे समजावलं की हे मशीन गहू नाही, आकडे दळतं. कमिटीनं सगळं ऐकून घेतलं आणि नोटीस लावली: सदनिकेत व्यावसायिक दळण दळण्यास मनाई आहे. नोटीस वाचून दोन बायका डबे घेऊन आल्या. काकू मात्र खूश होत्या. मशीनच्या गरम वाऱ्यावर भर पावसाळ्यात त्यांचे कपडे वाळायचे.

बाळासाहेब चाकणच्या अंगाला असलेल्या एका जुन्या गावातले. बरीचशी जमीन औद्योगिक वसाहतीत गेलेली, उरलेल्यावर गाळे बांधून भाड्यानं दिलेले. घरामागं कांद्याची जुनी चाळ होती, वारं खेळावं म्हणून बांबूच्या पट्ट्यांची. कांदा करणं थांबल्यावर ती रिकामी पडली होती. तिथं त्यांनी मशीनं मांडली, आणि मी पाहिलेल्या सगळ्या जागांमध्ये तीच सर्वांत थंड होती. धूळ तेवढी फार. ते स्वतः कॉम्प्रेसर लावून पंखे साफ करायचे. मला फोन करायचे, “ताई, आज काय घावलं का?” नसेल सापडलं तर म्हणायचे, “ऱ्हाऊ द्या, उद्या घावंल. आमी कांद्याचा भाव बघितल्याली माणसं हाय.” हा माणूस मला आवडायचा. हे मुद्दाम सांगून ठेवते.

आणि तळेगाव दाभाड्याचे प्रसन्न सर. इंजिनिअर, काही वर्षं परदेशात काढलेले, स्वतःच्या गाळ्यात मशीनं लावलेली. बोलणं इतकं मऊ की समोरच्याला वाटावं, आपणच कुणीतरी मोठे. सगळे त्यांना सर म्हणायचे, मीही म्हणायचे. ते आले तेव्हा पूलची ताकद वाढली, मग त्यांनी आणखी मशीनं आणली, आणि होता होता पूलमधलं निम्मं काम त्यांचं झालं. मी घरी श्रीखंड नेलं होतं त्या दिवशी. आठवलं की अजून तोंड कडू होतं.

कारण त्यानंतर गाडी बिघडली. ताकद दुप्पट झाली, म्हणजे ब्लॉकही दुप्पट सापडायला हवे. सापडत होते पूर्वीइतकेच. जेवणारे दुप्पट, भाकरी तेवढीच. आमच्या धंद्यात नशीब टक्क्यांत मोजतात. जेवढे ब्लॉक सापडायला हवेत तेवढे सापडले तर शंभर. आमचं पन्नासच्या आसपास रेंगाळायला लागलं. वाईट काळ येतो, काही आठवडे जातात, हे मला माहीत होतं आणि मी प्रत्येकाला तेच सांगत होते. पण आठवड्यांचे महिने झाले. फोन वाढले, फोनवरचे आवाज बदलले. ‘ताई’ म्हणणारे ‘मॅडम’ म्हणायला लागले.

बैठक घ्यावी, मोकळेपणानं बोलावं, हे प्रसन्न सरांनीच सुचवलं. कार्यालयाचं भाडंही त्यांनीच भरलं.

आधी तेच उठले. “मी कुणावर आरोप करत नाही,” ते म्हणाले. “वैशालीताईंबद्दल मला आदरच आहे. पण सर्व्हर त्यांच्या हातात. ब्लॉक सापडला की नाही, हे आधी त्यांनाच कळतं. अशा ठिकाणी व्यवस्था पारदर्शक हवी, एवढंच माझं म्हणणं.”

मग बाळासाहेब उठले. “मला त्ये पारदर्शक बिरदर्शक कळत न्हाई. आमी डेअरीला दूध घालतोय, आन् डेअरीवाली म्हनती दूध आलंच न्हाई. मंग मधी पितंय कोन?”

मी उभी राहिले. सांगितलं की पूलच्या पत्त्यावर, म्हणजे नाणी जमा होतात त्या जाळ्यावरच्या खात्यावर, आलेला प्रत्येक ब्लॉक जाळ्यावर उघडा दिसतो, कुणीही मोजावा.

“पत्ता दुसराही देता येतो ना, ताई?” प्रसन्न सरांनी बसूनच विचारलं.

“येतो. मी दिलेला नाही.”

“तसंच असणार,” ते म्हणाले. त्या ‘असणार’मध्ये त्यांनी माझी सगळी वर्षं बुडवली.

तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी बोललं, “ब्लॉकमधी पण कोटा काढला असंल.”

हसले. सगळे नाही हसले, पण पुरेसे हसले. मी कुठल्या वसाहतीतली, कुठल्या घरातली, हे तिथल्या प्रत्येकाला आधीपासून ठाऊक होतं. मशीन बिघडलं की रविवारी माझ्या दारात येऊन बसणाऱ्यांना ते कधी आठवलं नव्हतं. त्या दिवशी आठवलं. मी समोर बघितलं तर बाळासाहेब हसत होते. दिगंबरकाका हसले नाहीत. ते चपलेकडे बघत बसले.

“कोटा कोण म्हणालं त्यानं पुढं येऊन म्हणावं,” मी म्हणाले.

कुणी आलं नाही. मी पर्स उचलली आणि स्टेजच्या पायऱ्या उतरून निघून आले.

सभासदांमध्ये आमच्या जुन्या वसाहतीतला एक रिक्षावाला होता, त्याचं एक मशीन. त्याच्या घरातून ही बातमी विहारात गेली आणि विहारातून आईकडे. रविवारी मी आईकडे गेले तर ती मेथी निवडत बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “वैशू, लोकांचं काही घेतलंयस का तू?”

“तुला काय वाटतं?”

“मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून विचारतेय.”

“त्यातलं कळत नसेल. मी तर कळते ना तुला?”

ती मेथीची काडी मोडत राहिली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते असते तर काय म्हणाले असते कोण जाणे. मी न जेवता निघाले. पहिला राग मला आला तो आईचा. प्रसन्न सरांवर माझा अजून संशयही नव्हता.

सोमवारी खोलीवर जाऊन दार लावून बसले आणि पहिल्यांदा ‘नशीब’ हा शब्द बाजूला ठेवून विचार केला. जवळचे आकडे सगळ्यांकडून भरपूर येत होते. म्हणजे मशीनं राबत होती. फक्त खरी उत्तरं निम्मीच येत होती. बाळासाहेबांच्याच भाषेत सांगायचं तर दूध येत होतं, लोणी निघत नव्हतं. म्हणजे कुणीतरी लोणी काढून घेऊन ताक पाठवत होतं. हा प्रकार मी ऐकला होता. मशीनच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे फर्मवेअरमध्ये, बदल करायचा: जवळचे आकडे पाठव, खरं उत्तर सापडलं की टाकून दे. उत्तर पूलच्याच पत्त्याला बांधलेलं असतं, त्यामुळे करणाऱ्याला त्या उत्तरातून एक नाणंही मिळत नाही. तो लोणी खात नाही, गटारात टाकतो. म्हणून असा माणूस शोधायचा कुणाला सुचतही नाही. स्वतःचं नुकसान करून दुसऱ्याचा पूल बुडवणारा माणूस आपल्या हिशेबात बसत नाही.

नुसत्या आकडेवारीवरून बोट दाखवलं तर तो म्हणणार, माझं नशीब खराब. म्हणून सापळा लावायचा ठरवला. सापळा साधा होता. पूर्वी सापडलेल्या ब्लॉकचं गणित माझ्याकडे होतं, आणि त्याचं उत्तर कुठल्या तुकड्यात दडलंय हेही. तोच तुकडा पुन्हा एखाद्या मशीनला दिला की ते मशीन त्या उत्तरापाशी पोचणारच. मशीनला जुनं-नवं कळत नाही. चोख मशीन ते उत्तर मला पाठवेल. शिकवलेलं मशीन गिळून टाकेल.

आधी खोलीतल्या चाचणीच्या मशीनला दिलं. उत्तर आलं. बाळासाहेबांच्या चाळीला दिलं, आलं. दिगंबरकाकांच्या बाल्कनीतून आलं, वसाहतीतल्या रिक्षावाल्याकडून आलं. मग तळेगावला दिलं. उत्तराच्या अलीकडचे आकडे आले, पलीकडचे आले. मधलं उत्तर आलं नाही. दुसऱ्या ब्लॉकचं गणित दिलं, मग तिसऱ्याचं. दर वेळी तेच. अलीकडचे आले, पलीकडचे आले, मधलं नाही. मी इतक्या मोठ्यानं शिवी दिली की खालचा झेरॉक्सवाला जिन्यातून धावत वर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोकल पकडून तळेगावला गेले. प्रसन्न सरांनी गाळ्यात छान केबिन केली होती, काच लावलेली. पलीकडे मशीनांच्या रांगा, इकडे आवाजही नाही. मी सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

“जुनं फर्मवेअर असेल,” ते म्हणाले. “मशीनमधला काही दोष.”

“सगळ्या मशीनांत एकच दोष? आणि तोही नेमका उत्तरापाशी?”

ते हसले. “ताई, आपण दोघंच आहोत म्हणून बोलतो. मी तुमच्याकडून एक पैसा घेतलाय का? माझ्या मशीनला सापडलेलं उत्तर. ते पाठवायचं की नाही, माझी मर्जी.”

“मग वाटणी का घेत होतात?”

“काम करत होतो म्हणून. पुरावे येत होतेच की तुमच्याकडे.” मग पुढं झुकून, समजूत काढावी तसं, “छोटे पूल टिकणार नाहीत. मोठ्या पूलला मशीनं हवी असतात, जो माणसं नेऊन देतो त्याला ते कमिशन देतात. तुमचे सभासद आज ना उद्या जाणारच, मग माझ्यामार्फत का नकोत? तुम्ही पण या. सपोर्टला एक बाई लागणारच आहे.”

मी त्यांच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला होता. तो तोंडावर फेकला असता तर आज जरा बरं वाटलं असतं. मी तो खाली ठेवला आणि बाहेर पडले.

पोलिसांत तक्रार द्यायला गेले तिथले साहेब वाईट नव्हते. त्यांनी खुर्ची दिली. “काय चोरीला गेलं?”

“जे यायला हवं होतं ते आलं नाही.”

“म्हणजे तुमच्याकडे होतं आणि गेलं?”

“माझ्याकडे आलंच नाही. त्यांच्या मशीनला सापडलं आणि त्यांनी ते टाकून दिलं.”

“मग त्यांना काय मिळालं?”

“ते वाटणीतला हिस्सा घेत राहिले. आणि आता माझे सभासद दुसरीकडे नेतील, त्याचं कमिशन.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “ताई, सभासद आपल्या मर्जीनं जातायत. वस्तू चोरीला गेलेली नाही. मी लिहू काय?” मग त्यांनी विचारलं, हे मायनिंग कायदेशीर आहे ना नक्की. याच नाण्यांवर सरकार माझ्याकडून कर घेत होतं आणि वीजबिल खर्चात धरू देत नव्हतं. एवढा तरी कायदेशीरपणा होता. ते मी सांगितलं. ते म्हणाले, बघतो. अर्जाची पोच मिळाली, पुढं काही झालं नाही.

सभासदांच्या ग्रुपवर मी सगळं सविस्तर टाकलं. सापळा काय, कुणाच्या मशीननं काय पाठवलं, अगदी साध्या मराठीत. मला वाटलं होतं, फोन खणखणतील. एकानं लिहिलं, ‘खूप टेक्निकल आहे.’ एकानं हात जोडले. प्रसन्न सरांनी लिहिलं, ‘ताईंचा ताण आपण समजून घेऊ या.’ त्याला बारा अंगठे आले. मला चोर म्हणायला त्यांना पुरावा लागला नव्हता, दुधाचा एक दृष्टान्त पुरला. मी चोर नाही हे समजून घ्यायला मात्र त्यांना वेळ नव्हता.

एकेक करून मशीनं निघून गेली. बाळासाहेबांची चाळ एका दुपारी एकदम बंद दिसायला लागली, फोनही नाही. दिगंबरकाकांनी जाताना निरोप पाठवला, ‘घरच्यांचा आग्रह.’ मी शेवटच्या माणसापर्यंत सगळ्यांची वाटणी चुकती केली, खोली सोडली आणि पुन्हा चाकणच्या दुसऱ्या एका कारखान्यात सर्व्हर सांभाळायला लागले. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, मधली वर्षं काय करत होता. मी म्हणाले, कॉम्प्युटर सर्व्हिसेस. हे बोलताना जेवढी लाज वाटली तेवढी त्या स्टेजवर वाटली नव्हती.

प्रसन्न सर आता कॉलेजांमध्ये व्याख्यानं देतात. विषय असतो विश्वासाचं तंत्रज्ञान. मी गंमत करत नाही.

पावसाळा संपता संपता एक दिवस कारखान्याच्या गेटवरून फोन आला, कुणीतरी भेटायला आलंय. बाहेर पार्किंगमध्ये बाळासाहेब होते. गाडीला टेकून उभे, टोपी हातात.

“ताई, जरा बोलायचं व्हतं.”

मी हाताची घडी घालून उभी राहिले. तेच बोलायला लागले. प्रसन्न सर चाळीवर आले होते. मशीनं बघितली, कौतुक केलं, आणि म्हणाले, दुसऱ्या शहरात एक छोटा पूल आहे, तिकडं तुमची थोडी मशीनं लावू. आत एक बारीकसा बदल करून देतो. पूल आपोआप बसेल, मग तिथली माणसं आपल्याकडे. कमिशन अर्धं अर्धं.

“त्ये बोलत ऱ्हायले आन् माझ्या डोक्यात टकाटक उजेड पडत ग्येला,” बाळासाहेब म्हणाले. “तुमी गुरुपवर लिवलं व्हतं त्ये ह्येच. मी त्यान्ला चाळीतनं भायेर काढलं. मशीनं बी बंद क्येली.” मग खाली बघून, “ताई, चुकलं आमचं. दूध पिलं आसं म्हनायला नको व्हतं.”

“ते तुम्ही चाळीस माणसांत म्हणालात. आणि माफी मागायला पार्किंगमध्ये आलात.”

“मंग काय करू? गुरुपवर टाकतो.”

“ग्रुपवर नको. तिथं अंगठे येतील.” माझा आवाज चढला होता, गेटवरचा वॉचमन बघायला लागला होता. “दुधाचं सोडा. मागून कुणी कोटा म्हणालं तेव्हा तुम्ही हसलात. शब्द तुमचा नव्हता, हसू तुमचं होतं. तो शब्द पिंपरीला माझ्या आईपर्यंत गेला. तिनं मला विचारलं, घेतलंस का म्हणून. तुम्ही तिच्या घरी जा आणि तिला सांगा.”

कांद्याच्या पडत्या भावाला न डगमगणारा माणूस, पण त्या वसाहतीत, त्या घरी, हात जोडायला जायचं म्हटल्यावर त्यांच्या मनात काय काय उभं राहिलं ते मला चेहऱ्यावर दिसत होतं. मी मदत केली नाही. पत्ता सांगितला आणि आत निघून गेले.

पुढच्या रविवारी मी आईकडे होते तेव्हा ते आले. गाडी गल्लीत शिरत नाही, नाक्यावर लावून चालत आले. आधी ड्रायव्हरला मिठाईचा पुडा घेऊन पुढं पाठवलं. आईनं दारातच त्याला थांबवलं.

“कुणाकडून?”

त्यानं नाक्याकडे बोट दाखवलं.

“पुडा परत ने. त्यांना म्हणावं, बोलायचं असेल तर आत या.”

बाळासाहेब आत आले. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखालच्या खुर्चीवर अवघडून बसले. शेजारच्या दोघीतिघी दारात येऊन उभ्या राहिल्या, आईनं त्यांना हटकलं नाही.

“मावशी,” ते म्हणाले, “तुमच्या लेकीनं कुनाचं काय बी घ्येतलं न्हाई. घेनारा दुसराच व्हता. मी चार मान्सांत तिला नगं त्ये बोललो. आन् दुसरं कुनी वंगाळ बोललं तवा मी हसलो. त्ये जास्ती वाईट झालं.”

आईनं विचारलं, “हे त्या चार माणसांना सांगितलंत का?”

“अजून न्हाई.”

“मग त्यांना पण सांगा. मला सांगून अर्धंच झालं.”

“व्हय,” ते म्हणाले. उठले, मला हात जोडले, गेले. त्यांनी पुढं कुणाकुणाला सांगितलं ते मला ठाऊक नाही. एकदोघांचे फोन आले, तेव्हा थोडंफार सांगितलं असणार. दिगंबरकाकांचा आला नाही. मागच्या रांगेतून बोलणारा कोण होता ते अजूनही कळलेलं नाही, आणि बाजारात एखादा ओळखीचा चेहरा दिसला की मी अजूनही विचार करते, हाच का.

शेजारणी पांगल्या. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

“तो परका माणूस येऊन बोलून गेला,” ती म्हणाली. “मी तुला काहीच म्हणाले नाही त्या दिवसापासून.”

मी ‘असू दे’ म्हणाले नाही. ते तोंडाशी आलं होतं. अशा वेळी आपल्याकडे तेच म्हणायची पद्धत आहे.

“अजून राग आहे?” तिनं विचारलं.

“आहे.”

“माझ्यावर पण?”

“तुझ्यावर पण.”

तिनं मान हलवली. “राहू दे मग,” ती म्हणाली. “नाही म्हणाली असतीस तर मला ते खोटं वाटलं असतं. आणि तू खोटं बोलत नाहीस, एवढं मला तेव्हाच कळायला हवं होतं.”